उलटं वाढलेलं ताट

नंदनवन, नागपूर
मंगळवार, ता. ६ मार्च १९८४

चि. रुपराव यास,

ताईचा जय भीम आणि आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारत नाही, कारण ती परवा रविवारी दुपारी सदरमध्ये, तुमच्या हॉटेलात चार नंबरच्या टेबलावर बसून मी स्वतः पाहिली. अंगावर मांस आलंय. डोक्याला फुलाफुलांचं फडकं बांधलं की बरा दिसतोस.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं आहे. रुपराव रामाजी बागडे. तुझे मालक मनोहरराव म्हणतील, या नावाचं इथे कोणी नाही. मलाही ते तसंच म्हणाले होते. त्यांना सांग, आहे म्हणून. आणि मराठीत सांग.

मला राग आलाय, रुप्या. दोन दिवस झाले तरी उतरत नाही. काल एक्स्चेंजमध्ये एका गिऱ्हाइकाला चंद्रपूरऐवजी छिंदवाड्याची लाइन जोडून दिली आणि वर त्यालाच चार शब्द सुनावले. तो बिचारा माफी मागून गेला. तुझ्या वाट्याचं त्यानं ऐकलं.

आम्ही तिथे कशा आलो ते सांगते. आमच्या इंदूबाईंची बढती झाली. त्यांनी प्रेमिलाला, गोपिकाला आणि मला जेवायला न्यायचं ठरवलं. आम्ही चौघी आठ वर्षं एकाच बोर्डावर बसतो, एकमेकींच्या डब्यातलं खातो. त्यांचं म्हणणं, बर्डीवर नेहमीच्या ठिकाणी जाऊ. मीच हट्ट धरला की सदरमध्ये ते नवीन निघालंय तिथेच जायचं. पाटीवर ‘सुराबाया’ लिहिलंय ना, म्हणून. ज्या गावाचं नाव मी इतकी वर्षं तुझ्या पाकिटांवर लिहिलं, ते नागपुरात बसमधून दिसलं तेव्हा माझं काय झालं असेल याचा विचार कर. खाली लिहिलं होतं, ‘इंडोनेशियन आणि सावजी, एकाच ताटात’. प्रेमिला म्हणाली, दोन्हीकडचं तिखट एका पोटात कसं मावेल. पण आल्या बिचाऱ्या माझ्यासाठी.

मनोहरराव गल्ल्यावर होते. बाकीच्यांना टेबलाकडे पाठवून मी त्यांना विचारलं की तुम्ही तिकडच्या सूतगिरणीत मास्तर होता असं ऐकलं, तिथल्या मेसमध्ये नागपूरचा रुपराव बागडे होता, त्याचा काही ठावठिकाणा? हसून म्हणाले, मेसमध्ये सगळे तिकडचेच होते, आपला कोणी नव्हता. वर सांगितलं, आमचा कुक खास तिथूनच आणलाय, दिवाळीपासून आहे, हाताला चव आहे, फक्त आपली भाषा त्याला समजत नाही.

मी टेबलाशी येऊन बसले. वाटलं, संपलं, इथेही पत्ता नाही. गोपिका कार्ड वाचून दाखवत होती आणि मी हो-हो करत होते. आम्ही कार्डावरच्या चार ‘जावा थाळी’ मागवल्या.

मग मनोहररावांनी टाळी वाजवली आणि तू ताटं घेऊन बाहेर आलास.

चालण्यावरूनच ओळखलं. तू चार पावलं टाकून उजवा खांदा उडवतोस, लहानपणापासून. तू ताटं मांडलीस, हात जोडून कमरेत वाकलास आणि म्हणालास, सेलामत माकान. मालक गल्ल्यावरून म्हणाले, याचा अर्थ सावकाश जेवा. त्या तिघी खूश झाल्या. त्यांना वाटलं नाटकच चाललंय, आणि ते चाललंच होतं. गोपिकाने इंदूबाईंना विचारलं, “याले मराठीत शिवी देल्ली तं समजन का वं?” आणि तू हसलास. समजलेलं असून, न समजल्यासारखं, दात दाखवून हसलास.

त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आपला बाप गिरणीत तीस वर्षं उभा राहिला, मास्तरासमोर कधी वाकला नाही. आणि तू चार टेलिफोनवाल्यांसमोर कमरेत वाकतोस, त्याही नागपूरच्याच.

जेवण चांगलं होतं. राग असला तरी त्याबद्दल खोटं बोलणार नाही. तो परतलेला भात, काड्यांना टोचून भाजलेली कोंबडी, तिच्यावर सावजी मसाल्यातला शेंगदाण्याचा रस्सा. बाजूला ती लाल मिरचीची सांबाल. हे तू तिकडे शिकून आलास, खरोखर शिकून आलास, आणि तरी ते तुझ्या नावावर विकलं जात नाही. रुपराव बागडेच्या हातचं इंडोनेशियन कोण खाणार, असंच ना? म्हणून तिकडचा कोणीतरी हो. मालकांना ही अक्कल सुचली ते समजू शकते. तू हो कसं म्हणालास?

दिवाळीपासून. म्हणजे चार महिने. चार महिने तू या गावात आहेस, रुप्या, आणि आम्ही तुला समुद्रापलीकडे समजून बसलोय.

का आला नाहीस, ते मला माहीत आहे. बाबांचं बोलणं तू धरून बसलास. तुला कोराडीला वीज केंद्रात हेल्परचा कॉल आला होता, तो तू घेतला नाहीस आणि मेसच्या नोकरीसाठी देश सोडायला निघालास, तेव्हा ते म्हणाले होते, “लोकाइच्या ताटात वाढाले नाई शिकवलं तुले. वाढपी म्हून या घरी येऊ नको.” मी तिथेच होते. तू पिशवी उचललीस आणि गेलास. पण ते असं का बोलले, तेही तुला ठाऊक होतं. त्यांचा बाप लग्नाच्या मांडवाबाहेर बसून उरलंसुरलं घरी आणायचा आणि बाबांनी लहानपणी ते खाल्लंय. दीक्षा घेऊन आल्यावर पहिली गोष्ट त्यांनी आईला सांगितली ती हीच, की आता या घरात दुसऱ्याच्या ताटातलं काही येणार नाही आणि घरातलं कोणी दुसऱ्याच्या ताटाशी उभं राहणार नाही. म्हातारा माणूस तुझी नोकरी कुठे तोलत होता, तो त्या मांडवाला भीत होता.

आता माझं ऐक. तुझी पत्रं मागच्या वर्षी जानेवारीत बंद झाली. मार्चमध्ये मी लिहिलेलं पत्र परत आलं, माणूस गेला, पत्ता नाही, असा शेरा घेऊन. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. पोस्टमन गल्लीत आला की ते दारात येऊन उभे राहत. एक दिवस मी कामावरून आले तर म्हणाले, “तुह्या हातात कागद हाये का वं? वाच.” माझ्या हातात टेलिफोन खात्याचं रजेच्या नियमांचं परिपत्रक होतं. मी ते धरलं आणि तुझं पत्र वाचलं.

तेव्हापासून वाचतेय. नऊ झाली. ते सगळी मागून घेतात आणि उशीखाली ठेवतात. त्यात दोन विजेची बिलं आहेत, एक ते परिपत्रक, एक इंदूबाईंच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका. बाकीचे कागद मी लिहिले, माझ्या अक्षरात. त्यात तुला सर्दी झाली, बरी झाली. तुला सुट्टी मिळाली नाही. तिकडचा पाऊस, तिकडचा बाजार, सगळं मी मनानं केलं. आणि मागच्या पावसाळ्यात मी तुला मेसमधून काढून गिरणीच्या ऑफिसात साहेब केलं.

वाचताना तुला राग आला असेल. येऊ दे. मालकांनी तुला तिकडचा केला म्हणून मी एवढी बोलले, पण तुला स्वयंपाकघरातून सगळ्यात आधी बाहेर काढलं ते मीच. बाबांना आवडेल म्हणून काढलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे शेजारी विचारायचे, भाऊ काय करतो, आणि मला साहेब म्हणायला बरं वाटायचं.

येत्या शुक्रवारी बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दीड महिन्याने चष्मा लागेल. तारीख ठरल्यापासून त्यांचं एकच चाललंय, की चष्मा लागला की रुप्याची सगळी पत्रं पहिल्यापासून स्वतः वाचणार. उशीखालून गठ्ठा काढतात, चाचपतात, परत ठेवतात. मला तो गठ्ठा पळवता येईल. जाळता येईल, उंदरांनी खाल्ला म्हणता येईल. रविवारपर्यंत मी तेच ठरवलं होतं.

अजून एक लिहायचं राहिलंय. वर लिहिताना मी ते टाळून पुढे गेले. तू ओळख दिली नाहीस, असं मी दोन दिवस स्वतःशी घोकतेय, आणि ते खोटं आहे.

तू ओळख दिली होतीस. त्या तिघींची ताटं तू सरळ मांडलीस, चटणी डावीकडे, कोंबडी उजवीकडे. माझं एकटीचं उलटं मांडलंस. आई मला तसंच वाढायची, मी डावरी म्हणून. बाहेर चारचौघांत मी उजव्या हाताने जेवते, पण घरी नाही, आणि हे आई गेल्यावर जगात फक्त तुला आणि बाबांना माहीत आहे. आई गेल्यावर तीन वर्षं तूच वाढायचास, माझी ड्यूटी असायची म्हणून. ताट खाली ठेवून तू क्षणभर थांबलास. हात ताटाच्या काठावरच होता. तू वाट पाहत होतास.

इंदूबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी विचारलं, “तुह्यंच ताट काहून उलटं वाढलं वं? वयखीचा हाये का?”

मी म्हणाले, “नाई वं. चुकला असंन.” आणि तुझ्या डोळ्यांदेखत ताट धरून गर्रकन फिरवून घेतलं. उजव्या हाताने जेवायला लागले. तू काठावरचा हात काढलास आणि आत गेलास.

आठ वर्षं ज्यांच्या डब्यात जेवले त्यांच्यापुढे मला सांगता आलं नाही की हा माझा भाऊ आहे, आचारी आहे, आणि आत्ता तुम्ही ज्याला हसलात तो नंदनवनचा आहे. मला लाज वाटली. तुझी वाटली. नंतर पान खाताना त्या तिघी कुकाचं कौतुक करत होत्या आणि मी त्यांच्यावर उगाच चिडले. काल मी इंदूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मले काय सांगतेस, त्याले सांग.

म्हणून सांगतेय. माझं चुकलं, रुप्या. तुझ्यावरचा राग मात्र आहे तिथेच आहे, तो मी परत घेत नाही.

गठ्ठा मी पळवणार नाही. पत्रं मी लिहिली, हे बाबांना मी माझ्या तोंडाने सांगेन. तू कोण आहेस ते तू सांग. चष्मा लागायच्या आत, तुझ्या तोंडाने. ते माझ्याकडून होणार नाही आणि मी करणारही नाही.

रविवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा अंगणात बसले होते. म्हणाले, आपरेशनच्या आधी रुप्याला पत्र धाड, मी सांगतो तसं लिही. मी कागद घेऊन बसले. एरवी, तुझा पत्ताच नसल्यामुळे, मी नुसतं पेन फिरवते. त्या दिवशी एकेक शब्द लिहून घेतला. ते असं म्हणाले:

“रुप्या, शुक्रवारी माह्या डोयाचं आपरेशन हाये. मले भेव नाई, तुही ताईच भिऊन राहिली. तू सायेब झाला असं ताई वाचते, मी आयकतो. बरं हाये. पन मी तुले वाढपी म्हनलो, ते मी चुकलो. तुही माय गेल्यावर तीन सालं तूच खाऊ घातलं मले, आन म्या खाल्लेल्या तोंडानं तुले तसं बोललो. सायेब राह्य का आचारी राह्य, घर तुहंच हाये. तिकडं काही नवीन शिकला असशीन तं कधी आला का मले करून घालजो. आता येऊ नको. लय दूर हाये, अन् तुले सुट्टी नाई भेटत.”

मी खाली त्यांचा अंगठा घेतला नाही. त्यांनी पेन मागून घेतलं आणि चाचपडत सही केली. तो कागद सोबत ठेवला आहे.

सदरहून बस निघते ती बर्डीवर बदलावी लागते. तिथून नंदनवन. सगळं मिळून पाऊण तास लागतो, रुप्या. मी रविवारी त्याच बसने आले.

वाट पाहणार नाही, असं लिहायला बसले होते.

तुझी ताई,
जयवंता