दुसरी मूठ

३ ऑगस्ट

आले एकदाची सासरी! हिपोलितोने हात धरून नावेतून उतरवलं आणि पहिल्याच पावलाला माझा पाय घोट्यापर्यंत लव्हाळ्यात रुतला. सासूबाई म्हणाल्या, काठावरच्या बटाट्याच्या शेतातली पोर ही, हिला पायाखाली माती लागते. मी कसली ऐकून घेतेय! म्हटलं, मातीला निदान रोज खायला घालावं लागत नाही. त्या इतक्या हसल्या की डोक्यावरची टोपी पाण्यात पडता पडता राहिली.

पण खोटं काय त्यात? आख्खं बेट लव्हाळ्याचं, पाण्यावर तरंगणारं. खालचे थर कुजतात, वरून ताजे घालत राहायचे, नाहीतर चूल-बिऱ्हाडासकट तळ्यात. चार कोपऱ्यांना चार दोर, तळ्याच्या तळाशी ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेले. माणसं आम्ही तिघंच. जेवायला तळलेले इस्पी मासे आणि आईने बांधून दिलेले वाळवलेले बटाटे. हिपोलितो माझ्याकडे बघून सारखा हसत होता. मी फार सुखात आहे.

६ ऑगस्ट

बेटाची उगवतीकडची कड सुरीने भाकरी कापावी तशी सरळ कापलेली आहे. काळी पडलीय, वास मारते. तिथे कुणी थर घालत नाही.

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, तिथे थोरल्याचं घर होतं, एलाडिओचं. भावाभावांचं पटेना, मग केलं वेगळं. ही रीत आमच्या काठावरही माहीत आहे: तळ्यातली माणसं भांडली की बेटच कापतात. दोन मुठींची लांब करवत असते, एक मूठ एका भावाने धरायची, दुसरी दुसऱ्याने. दोघं राजी असल्याशिवाय करवत चालवायचीच नाही. मग दोर वाटून घ्यायचे आणि आपापला तुकडा घेऊन सुखाने राहायचं.

आता कुठे असतात थोरले, म्हणून विचारलं, तर त्या मासे साफ करायला उठल्या. जाताना म्हणाल्या, त्या कडेला थर घालू नकोस हो पोरी.

९ ऑगस्ट

घातला. दोघं मासळी घेऊन बाजाराला गेले होते आणि मला ती कुजकी कड बघवेना. शेतकऱ्याची लेक मी, बांध ढासळलेला बघून गप्प बसायचं म्हणजे काय? चांगला गुडघाभर ताजा लव्हाळा आडवा अंथरला. संध्याकाळी सासूबाईंनी पाहिलं. मला वाटलं रागावतील. त्या नुसत्या खाली बसल्या.

१० ऑगस्ट

सकाळी धुकं होतं. कड पुढे वाढलीय. माझ्या थराला लागून हातभर नवा थर, हिरवागार. माझा आडवा, हा उभा. हिपोलितोला म्हटलं, एवढ्या पहाटे कशाला राबलास? तो कडेपासून दोन पावलं मागे सरला. म्हणाला, मी नाही.

१२ ऑगस्ट

कडेची ती नवी पट्टी वाढत वाढत आता धुक्यात शिरते, पलीकडचं टोक दिसत नाही. दुपारी वारा सुटून धुकं गेलं तरी तेवढ्या भागात तसंच राहतं.

हिपोलितोने आज सांगितलं. एलाडिओ राजी नव्हता. हा आणि सासूबाई, दोघांनी मुठी धरल्या आणि कापलं. एलाडिओ आणि त्याची बायको लुसिला झोपडीत झोपली होती. चारही दोर ह्या बाजूला ठेवले. ऑगस्टचाच वारा. तुकडा कुठे गेला, कुणालाच सापडला नाही.

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. तरी त्याचा हात सोडला नाही. माझा नवरा आहे तो.

१४ ऑगस्ट

तो सकाळी पट्टीवर उभा असतो. म्हणतो, दादा हाक मारतोय. दादाला काही नको, फक्त दोर मागतोय. एक नेऊन दिला म्हणे. तीन उरले. मी म्हटलं, चल माझ्या बापाकडे, आत्ता. म्हणाला, जाऊ. पण नाव जागेवर नाही. नाव पट्टीच्या टोकाला बांधलेली आहे, धुक्यात.

१५ ऑगस्ट

तिकडून बाईचं गाणं येतं. अंगाईगीत आहे, पण मूल रडल्याचं कधी ऐकू येत नाही. सासूबाई म्हणाल्या, लुसिलाला दिवस गेले होते. हे त्या आत्ता सांगतायत!

१६ ऑगस्ट

तो गुडघ्यापर्यंत भिजून आला आणि झोपडीत आडवा झाला. हाका मारल्या, उठत नाही. श्वास चालू आहे.

नाही देणार मी माझ्या नवऱ्याला त्यांच्या हाती. पट्टी कापते. करवत सापडली. सासूबाईंना म्हटलं, धरा दुसरी मूठ. तोंडावर शाल घेऊन म्हणाल्या, एकदा धरली होती, आता नाही.

एकटीनेच ओढतेय. पातं वाकतं, लव्हाळ्यात अडकतं. दम लागला म्हणून बसून लिहितेय. झोपडी माझ्या पाठीशी, जवळच.

पुन्हा कामाला लागते.

आल्या बिचाऱ्या सासूबाई. धुक्यात समोर दिसत नाहीत, पण पलीकडून ओढतायत. करवत कशी लोण्यातून चालतेय! थोडा दम खाते—

सासूबाई झोपडीच्या दारात उभ्या आहेत. दोन्ही हात तोंडावर.

मी हात काढलाय. वही मांडीवर आहे. करवत चालूच आहे—

करवत वळली. माझ्या बाजूने वळली. पाठीमागे कापल्याचा आवाज—माझ्या आणि झोपडीच्या मधून—

चारही दोर इथून, पट्टीकडे जातायत. झोपडीला एकही नाही. सगळेच दिले ह्याने—

वारा सुटला. झोपडी हलतेय. मध्ये पाणी, मी उडी—मागून कुणीतरी माझा हात धरलाय, ओला, आणि करवतीची मूठ त्यात देतंय—हिपोलितो, ऊठ रे! नको, आता दोर नाही, हिपोलितो, तू झोप