गंगा म्हणजे नदी नव्हे

देवरी, माघ महिना, १९५५

माय,
शांतीचा तुह्या पायांवर माथा. आमी सगळे खुशाल आहोत, चिंता नोको करू.

नागपूरचे एक प्रोफेसर बायांची जात्यावरची गाणी लिहायले आले होते. गंगाबाई गेल्यावर तू रचलं ते मी म्हटलं: 'घागर घरामंदी, गंगा माही तळ्यामंदी.' ते खूश झाले. म्हणाले, "लोकगीताला कर्ता नसतो. इथं गंगा म्हणजे नदी, घागर म्हणजे देह."

मी म्हटलं, "गंगा माही मोठी बहीण होय. पाणी भरता भरता घसरली, असं सासरचे सांगतात. मंग घागर घरी कशी?" ते हसले अन् नदीच लिहून घेतली.

पण जात्यावर बसलेल्या मंदाबाईचा हात थांबला. तिच्या पोरीची सोयरीक गंगाबाईच्याच नवऱ्याशी, खेमराजशी, जुळून राहिली होती. मले ठाऊकच नव्हतं. "तळं कोणत्या गावचं?" एवढंच तिनं विचारलं. मी गंगाबाईच्या सासरचं गाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं सोयरीक मोडली.

आता खेमराज इथं गावात येऊन विचारून राहिला, गाणं कोणी म्हटलं अन् कोणी रचलं म्हणून.

बाबाचा खोकला कसा आहे? दाराले कडी लावून निजत जा. गाणं मात्र बंद नोको करू.

तुही शांती