अर्धं झाकण औषध, बादलीभर पाणी

बाळे, सोलापूर
रविवार

प्रिय अहो,

पत्राची सुरुवात अशी कुणी करत नाही, ठाऊक आहे मला. पण लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तुमचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलंय, आणि उखाणा घालायची ही वेळ नाही. फोन केला की वन्सं उचलतात आणि "दादा आत्ताच भाईर गेलाय की" म्हणतात. मागे तुमचा खोकला ऐकू येतो. बार्शीची माणसं बाहेर जाताना खोकला घरी ठेवून जातात, हे मला नवीनच. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र काही वन्संना "हॅलो" म्हणून परतवता येणार नाही.

आधी कस्तुरीचं सांगते, कारण तुमची नजर आधी तेच शोधणार. तुमची विचारपूस नंतर, जागा उरली तर. मोहोळच्या लग्नात बाजेवर नाचताना घोडीची मागची मांडी दुखावली, ती आता पुष्कळ उतरली आहे. बाजेची नवार सैल होती असं तुम्ही म्हणाल. तुमची हलगी कडक होती असं मी म्हणते. नवरदेवाचे मित्र "वाढवा, वाढवा" ओरडले की तुम्हाला चेव येतो. बोटं तुमची असली तरी पाय तिचे आहेत, हे तेव्हा ध्यानात राहत नाही. हा वाद मी आज उकरून काढणार नाही. एकदा लिहून टाकला म्हणजे पोट हलकं झालं, एवढंच.

त्यानंतरचं तुम्ही वन्संना तुमच्या बाजूने सांगितलं असेलच, म्हणून माझी बाजूही कागदावर असू दे. श्रीदेवी डॉक्टरीणबाईंनी चोळायच्या औषधाची बाटली दिली आणि बजावून सांगितलं की हे कडक आहे. बादलीभर पाण्यात अर्धं झाकण मिसळून त्यानं अंग पुसायचं, दुखऱ्या मांडीला थोडं दाट करून हलक्या हातानं चोळायचं, नुसतं लावायचं नाही आणि वरून पट्टी बांधायची नाही. तर तुम्ही काय म्हणालात? "औषदात पानी घालायला मी काय गवळी हाय व्हय?" दुसरी अट त्यांनी घातली, की कस्तुरी धड होईपर्यंत तिच्या कानावर हलगी पडता कामा नये, नाहीतर पाय कायमचा लंगडा राहील. त्यावर तुम्ही मान डोलावलीत. संध्याकाळी मात्र अंगणात काटक्या पेटवून हलगी शेकत बसलात. नुसती एक थाप मारून बघतो म्हणालात. थाप पडली आणि तबेल्यात ती बिचारी तीन पायांवर नाचायला लागली. तेव्हा मी बोलले की तुमच्या हलगीपेक्षा त्या बादलीतलं पाणी कामाचं आहे. बोलले ते बोलले. पण त्यावर हलगी काखोटीला मारून बार्शीची एसटी धरायची काय गरज होती? आणि रागाच्या भरात गेलात म्हणावं, तर नवा शर्ट बरा आठवणीनं घातलात.

तर औषधाचं आता माझ्याकडे आहे. सकाळी तबेला झाडून झाला की बादली भरते, अर्धं झाकण ओतते, पाणी दुधट होतं आणि कापूर, पुदिना, निलगिरी असा सगळा वास एकदम उठतो. स्पंज बुडवून मानेपासून खाली येते, केसांच्या दिशेनं. मांडीशी आले की कस्तुरी डोळे मिटते आणि खालचा ओठ सैल सोडते, अगदी तुम्ही कीर्तनात सोडता तसा. पहिल्याच दिवशी माझ्याकडून एक घोटाळा झाला. हात न धुता कपाळावरचा घाम पुसला आणि ते डोळ्यात गेलं. पाण्याचे लोट लागले. तुमच्या आई धावत आल्या, माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "रडू नगं गं, यील माजा कुंडलिक." मी सांगत होते की औषध झोंबलंय. त्या म्हणाल्या, "व्हय व्हय, झोंबतंच गं ते." आता गल्लीभर झालंय की वैजयंता नवऱ्यासाठी घोडीच्या गळ्यात पडून रडते. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

आईंचंही ऐका. कस्तुरीचा पाय सुधारतोय हे बघून त्यांच्या डोक्यात विचार आला, की घोडीचा पाय तेवढा पाय आणि माझा गुडघा काय लाकूड? मी कडबा आणायला गेले होते. त्यांनी बाटली काढली, पाण्याबिण्याची भानगड न ठेवता दोन्ही गुडघ्यांना चोपडली आणि वरून चादर करकचून बांधली. हे तुमच्या घराण्यातच आहे, पाणी घातलेलं चालत नाही. मी परत आले तर "आगीत घातलं गं बया मला!" असा आवाज, आणि आई कस्तुरीच्या पाण्याच्या हौदात पाय सोडून बसलेल्या. कस्तुरी त्यांचा अंबाडा हुंगत उभी. गुडघे लालभडक झाले होते, दोन दिवस ओल्या फडक्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, गुडघे मोकळे झाले. डॉक्टरीणबाई त्यांच्यावर ओरडल्या, "आजी, ते जनावराचं औषध आहे!" तर आई म्हणतात, "या घरात राबून राबून म्या तरी कुटं मानूस ऱ्हायले?" आता गल्लीतल्या म्हाताऱ्या वाट्या घेऊन येतात. बाटली मी भुशाच्या पिंपात लपवली आहे. तुम्ही कुणाला सांगू नका, विशेषतः वन्संना, त्यांची पाठ धरते.

पण खरी कठीण गोष्ट औषधाची नाही, आवाजाची आहे. आपलं घर अशा ठिकाणी, की दोन्ही अंगांना मंगल कार्यालयं आणि लगीनसराई भरात. कुठेही हलगी वाजली की कस्तुरीचे कान टवकारतात आणि पाय उचलू लागतात. सकाळी चोळून बसवलेला पाय संध्याकाळी पुन्हा भरून येतो. कानात कापूस घातला, तिनं झटकला आणि शेळीनं खाल्ला. मग तबेल्यात रेडिओ टांगला. शेतीचा सल्ला लागला की ती शांत होते. कांद्यावरच्या करप्याबद्दल कस्तुरीला आता तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

मागच्या आठवड्यात तर आपल्या दारावरूनच एक परण्या निघाला. नवरदेव मारुतीला निघालेला, पुढे चार हलग्या, आणि घोडी कुणाची, तर सिद्धाप्पाची. ज्याच्याशी तुम्ही साताऱ्याच्या लग्नाच्या सुपारीवरून बोलत नाही तोच. मी पदर खोचला आणि स्पंज हातात तसाच धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, आमची घोडी आजारी आहे, आमच्या कुंपणापासून पिठाच्या गिरणीपर्यंत वाजवू नका, तुमच्या पाया पडते. वरातीतली पोरं हसली. पण सिद्धाप्पानं बघितलं, तबेल्याकडे कान दिला आणि हात वर केला. "थांबवा रं. घोडं दुखण्यात हाय." अहो, एवढी मोठी वरात मुकाट झाली. नुसत्या चपलांचा आवाज. बायका पदर सावरून खाली मान घालून चालल्या, नवरदेवानं घाबरून हातच जोडले. ते बघून शेजारचे महेश्वरकाका टोपी काढून, खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले आणि मागच्या रांगेत सामील झाले. हळूच एकाला विचारलं, "कवा गेले?" गिरणीपाशी हलग्या पुन्हा कडाडल्या तेव्हा काकांनी मान वर केली आणि त्यांना घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला माणूस दिसला. अजून ते नीट जेवत नाहीत. आणि सिद्धाप्पाशी आता बोला हं तुम्ही.

एवढं सगळं करून मांडी उतरली. डॉक्टरीणबाईंनी दाबून बघितली, खूश झाल्या आणि म्हणाल्या, आता रोज चालवायची, सावकाश. नाही चालवली तर स्नायू आखडेल, मग अख्खी बाटली पालथी घातली तरी उपयोग नाही. आणि इथंच घोडं अडलं. कस्तुरी चालत नाही. दारापर्यंत येते, थांबते, तुम्ही हलगी टांगता त्या खुंटीकडे बघते आणि परत फिरते. गूळ दाखवला, गूळ खाल्ला आणि परत फिरली. मोबाइलवर कुणाची तरी हलगी हळू आवाजात लावून बघितली, तिनं कान मागे पाडले. सिद्धाप्पानं आपण होऊन त्याचा वाजवणारा पाठवला, तर तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि त्याच्या बुटांवर जे करायचं ते केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठेका चालेल, पण जलद नको. मेल्लगे, मेल्लगे. ज्यानं शिकवलं त्यालाच बोलवा की हो!"

तो ठेका मला आठवतो. कस्तुरी शिंगरू होती, कालव्याच्या कडेनं तुम्ही तिच्यासमोर उलटे चालायचात, एका बोटानं हलगीवर टक टक करत, आणि ती तुमच्या बोटाकडे बघत पाऊल टाकायची. दोनदा तुम्ही कालव्यात पडलात. तिच्या आईवर बसून तर तुमचा परण्या आमच्या दारात आला होता. वाजवणाऱ्याचा ठेका चुकतोय म्हणून भर वरातीत त्याच्या हातातली हलगी ओढून घेतलीत आणि घोडीवर बसल्या बसल्या स्वतःच वाजवत सुटलात. मुहूर्त टळत आला. आमचे दादा कपाळाला हात लावून म्हणाले, "आवो, ह्यो नवरदेव हाय का वाजीवनारा?" मी खिडकीतून बघत होते. हळद लागलेल्या पोरीनं हसू नये म्हणतात. मला आवरेना. माणूस वेडा आहे, पण आपला आहे, असं तेव्हाच वाटून गेलं.

म्हणून लिहिते, की कस्तुरीसाठी या. माझं काही अडलेलं नाही. औषध मिसळायला येतं, कडबा येतो, आईंचे गुडघे ठीक आहेत. फक्त घोडीचा जन्म लंगडण्यात जायला नको, एवढ्यासाठी या आणि हळू वाजवा.

शुक्रवार

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. सोमवारी सकाळी आईंनी अंगणात उखळ मांडलं. शेंगदाण्याची चटणी कुटून पत्रासोबत तुम्हाला पाठवायची, असा त्यांचा मनसुबा. ठक… ठक… ठक… म्हातारीचा हात तो, सावकाश पडणारा. मी पाठमोरी बादली भरत होते. वळून बघते तर कस्तुरी तबेल्यातून बाहेर आलेली, आणि उखळाभोवती एकेक पाऊल मोजून टाकत फेऱ्या घालतेय. आई थांबल्या की थांबते, मुसळ पडलं की निघते. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, हीच चाल हवी होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ कुटणं चालू आहे, गल्लीत प्रत्येक घरी चटणी पोचली आणि शेंगदाणे संपले, तर आई आता रिकामं उखळ कुटतात. म्हणजे तुम्हाला बोलवायला जे कारण लिहिलं होतं ते राहिलंच नाही. पत्र फाडावं म्हणून चुलीपाशी घेऊन गेले, पण फाडवेना. दिवसभर औषधाच्या वासात असते, हात चोळण्यात गुंतलेले असतात, तोवर बरं असतं. बादली पालथी घातली की घर एवढं गप्प होतं की महेश्वरकाकांच्या घरातली भांडी ऐकू येतात. चटणीचा डबा पाठवत नाही, इथे येऊन खा. हलगी आणा, नाही आणलीत तरी चालेल. घोडीचं उखळावर भागलं, अहो. माझं भागत नाही.

तुमचीच,
वैजयंता