बेडकाचा होकार

पोलादपूर, ता. १० मे १९७३

सौ. मंजुळावहिनींस,
नीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असे लिहायची रीत म्हणून लिहिते. ठीक काही नाही. माझी बदली आंबेनळी घाटातल्या शाळेवर झाली आहे. एसटीतून उतरले की पुढे नुसती चढण. आणि वहिनी, माझी पाळी चुकली आहे. मागची दोन्ही लेकरे पोटातच, तिसरा महिना भरायच्या आत गेली, तेव्हा तुम्हीच उशाशी बसला होतात.

इथले डॉक्टर म्हणतात, दिवस असतील तर चढउतार मुळीच करायची नाही. पण दिवस आहेत की नाहीत, हे तीन महिने झाल्याशिवाय हाताला कळत नाही. खात्याचे साहेब म्हणतात, दाखला आणा, बदली थांबवतो. नुसत्या शब्दावर थांबवली तर उद्या साऱ्याच बाया गरोदर निघतील. माझी नोकरी अजून कायम नाही. शाळा उघडल्यावर हजर झाले नाही तर नाव कटेल. इकडे आड, तिकडे विहीर.

चंदूदादा तिकडच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये बेडकावर परीक्षा करतो ना? माझी करायला सांगा. भावाला हे कसे लिहू, म्हणून तुम्हाला लिहिते. ह्यांनी गिरणीतून कळवले की मुंबईत आता बेडूकही लागत नाही, काचेवर थेंब टाकून कळते म्हणे. पण तेवढ्या लांबचा एसटीचा हादरा मला नको. सर्वांना जयभीम. माया असू द्या.

तुमची नीला


दासगाव, ता. १३ मे १९७३

चि. सौ. नीलास,
मंजुळाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून तुझा दादा कानापर्यंत लाल झाला, पण कबूल झाला. गुरुवारी सकाळची पहिली लघवी औषधाच्या उकळलेल्या बाटलीत भर आणि पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे दे. सरबताची बाटली नको. मागे एकीने कोकमाच्या बाटलीतून पाठवली, तर बेडूक जागीच आटोपला.

नर बेडूकच लागतो. त्याला लघवी टोचायची, काही तासांनी त्याचे पाणी काढून मायक्रोस्कोपखाली बघायचे. त्यात त्याचे बीज दिसले की बाई गरोदर. बघ, बेडकीच्या नवऱ्याला आपोआप कळते आणि आपल्या नवऱ्यांना बोटे मोजून सांगावे लागते!

दवाखान्यात वास येतो म्हणून डॉक्टरांनी बेडूक आमच्या परसात ठेवायला दिलेत. उन्हाळ्यात ते मिळत नाहीत, म्हणून हे पिंपावर जाळी बांधून जपतात. आईंना हे पसंत नाही. पण तुझी परीक्षा म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. काळजी करू नकोस. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझी वहिनी


दासगाव, ता. १८ मे १९७३

चि. सौ. नीलास जयभीम. वि. वि.

कोणत्या तोंडाने लिहू? काल तुझी बाटली वेळेवर आली. हे बेडूक न्यायला घरी आले, तर पिंप रिकामे. काल बुद्धपौर्णिमा. आईंनी पहाटे पांढरे लुगडे नेसून वंदना घेतली आणि सगळे बेडूक टोपलीत घालून सावित्रीत सोडून आल्या.

ह्यांनी डोके धरले. आई मात्र समाधानाने सांगत होत्या, की मुक्या जिवाला कोंडून माज्या लेकीचा जीव सुकाचा कसा व्हील? त्यांना सोडलं, आता तिच्या पोटातलं ऱ्हाईल. तुझ्यासाठीच केले गं त्यांनी. रागवावे तरी कसे? ह्यांनी पंचशील म्हणत म्हणत उंबऱ्याला लाथ मारली आणि स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला.

डॉक्टर म्हणतात, पाऊस पडेपर्यंत बेडूक आणू कुठून? तरी हे शोधताहेत. धीर धर. आमच्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी वहिनी


पोलादपूर, ता. १४ जून १९७३

सौ. मंजुळावहिनींस जयभीम. वि. वि.

दादाला नदीकाठी एक बेडूक सापडला आणि तोही टोचताच मेला, हे कळले. माझे नशीबच तसले. साहेबांपुढे पुन्हा उभी राहिले, शब्दावर विश्वास ठेवा म्हणून हात जोडले. त्यांनी मान वर न करता दाखला मागितला. शाळा उघडली, मी हजर झाले. रोज चढते. चिखलात पाय सरकतो, मी करवंदीच्या जाळ्या धरून जाते.

मला फार राग येतो, वहिनी. पोट माझे, आणि ते आहे की नाही हे बेडकाने सांगायचे! आणि तोही मेला वेळेवर हजर नाही. आता पाऊस लागला आहे, सोबत कंडक्टरकडे दुसरी बाटली देते. आईला माझा नमस्कार सांगा. तिच्यावर रागवायला गेले की रडूच येते.

तुमची नीला


दासगाव, ता. १८ जून १९७३

चि. सौ. नीलास अनेक आशीर्वाद!

होकार आला! रानभर बेडूक झालेत. ह्यांनी आधी बेडकाचे पाणी कोरे आहे ना ते पाहून घेतले, मग टोचले. डॉक्टरांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. दाखला सोबत आहे. साहेबांच्या टेबलावर आपट आणि आता पाऊल बाहेर टाकू नकोस. आई महाडला आवडीमावशीकडे गेल्यात, रविवारी येतील. आल्या की पहिली साखर त्यांच्याच हातावर ठेवते. त्यांच्या बेडकांनीच आशीर्वाद दिला म्हणतील!

तुझी वहिनी


पोलादपूर, ता. २१ जून १९७३

सौ. मंजुळावहिनींस जयभीम.

दाखला आज पोचला. सोमवारी उतरताना पोटात कळ आली. शाळेजवळच्या साळूबाईंच्या ओटीवर सगळे संपले. मी बरी आहे, हे आज मुंबईहून आले आहेत. तुम्ही लगेच धावत येऊ नका, आई परत आली की विचारील, कशाला गेली होतीस.

राग कोणावर काढू ते समजत नाही. साहेबांवर काढते आहे, तो पुरत नाही.

पण वहिनी, हे पत्र रविवारच्या आत मिळेल अशा बेताने टाकते. आईच्या हातावर साखर ठेवू नका. तिला सांगा, बेडूक नाही म्हणाला. नीलाला दिवस गेलेच नव्हते. दादालाही तसेच बजावा. वेळेवर दाखला मिळाला असता तर काय झाले असते, हा हिशेब तिच्या डोक्यात कधी यायला नको. तिने सोडलेले जीव तिला सुखाने आठवू द्या.

तुमची नीला