गच्चीवरून लिहिलेलं विमानतळ

सोमवार, २ सप्टेंबर
यूलियाचा फोन. प्रकाशनगृहातली नवी संपादक – माझ्या पुतणीच्या वयाची. "तुमची स्टुटगार्टची मार्गदर्शिका वाचून लोक विमानतळावर भिंतीला धडकतात." सतरा पत्रं आलीत म्हणे! "या खेपेला स्वतः विमानानं उतरा आणि ते प्रकरण नव्यानं लिहा. नाहीतर पुस्तक दुसऱ्याला देते." वर आणखी – "'घ्यायला कुणी येईल असं धरून चालू नये' हे वाक्य इतकं रडकं का?"
रडकं नाही. खरं आहे.

मंगळवार, ३
इथं लिहायला हरकत नाही – मी विमानात कधी बसलेलोच नाही. चोवीस वर्षं विमानतळाच्या प्रेक्षक-गच्चीवरून लिहिलं. दुर्बीण, डबा, वही. सगळं दिसतं!

शुक्रवार, ६
तिकीट काढलं, शनिवार २१ चं. हॅम्बुर्गला जाताना रेल्वे, येताना विमान. उतरायचंच तर आहे. दोनदा कशाला मरा?

रविवार, ८
सुटलो! त्याच आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. आमच्या इमारतीत माणूस मेला तरी पाळी टळत नाही. समोरच्या क्नापबाईंना पडेल तोंडानं सांगितलं – पाळी आहे, २१ चं विमान सोडावं लागणार.
"अहो फ्लायडरर, घाबरलात होय?"
"छे! पण जिना..."
"मागच्या पाळीला तळघराच्या पायऱ्या सोडल्यात. तेव्हा नाही आठवला जिना?"
मी माझं दार लावून घेतलं.

सोमवार, १६
ज्याची पाळी त्याच्या दारावर टांगतात ती झाडलोटीची पाटी माझ्या दाराला लागली. यूलियाला कळवलं – पाळी आहे, जमणार नाही. ती बर्लिनची, तिकडे असली पाळी नसते; हसतच सुटली. मग म्हणाली, "सोमवारपर्यंत प्रकरण. नाहीतर पुस्तक गेलं."

गुरुवार, १९
पहाटे जिना झाडून घेतला, चोरासारखा. क्नापबाई दारात उभ्या!
"शनिवारचं काम गुरुवारी? हे धरत नाहीत."

शुक्रवार, २०
रेल्वेत. पाटी दारावर तशीच सोडून आलोय. भीती विमानाची जास्त की पाटीची, सांगता येत नाही.

शनिवार, २१
उतरलो. डोळे मिटलेले होते, त्यामुळे वर्णन नाही.
माझंच पुस्तक उघडलं. 'बाहेर पडण्यासाठी डावीकडे वळा.' वळलो. भिंत! शेजारी माझंच पुस्तक घेतलेला एक गृहस्थ. "कुठल्या गाढवानं लिहिलंय हो हे?" मी म्हटलं, "म्हातारा असेल बिचारा." गच्चीवरून जे माझं डावं, ते उतरणाऱ्याचं उजवं. चोवीस वर्षं!
उजवीकडे दार होतं. बाहेर लोक नावांच्या पाट्या धरून उभे. माझ्या नावाची नव्हती. कधीच नसते.
टोकाला क्नापबाई. हातात झाडलोटीची पाटी.
"जिना मी झाडला. तळघरासकट. आता चला, पुढचा आठवडा माझाच आहे. पाटी धरा जरा."

रविवार, २२
'डावीकडे'च्या जागी 'उजवीकडे' केलं.
ते रडकं वाक्य काढलं.