डाव्या गालावरची खूण

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, ता. ७ ऑक्टोबर १९५६

ती. पद्माअक्का,

नमस्कार. बसल्या जागेवरूनच करते आहे, सध्या वाकता येत नाही. का ते पुढं येईलच. दाजींना सांग, मुलांना माझे पापे दे. इकडं मुकुंदमामा बरे आहेत. मामीची कंबर नेहमीसारखीच. त्यांचं शेंडेफळ, आपली रजनी, पाच वर्षांची झाली आणि घरात तिच्याशिवाय कुणाचं चालत नाही.

तुझी तीन कार्डं आली. उत्तर मामीनं दिलं, ‘निर्मलेला ताप आहे’ एवढंच. ताप होता हे खरं. कशामुळं होता ते मीच तिला लिहू दिलं नाही. तू रागावशील. रागाव, आणि मग पुढचं वाच.

अक्का, मी गालावरचा डाग काढून घेतला.

विलायतेहून शिकून आलेले एक सर्जन आहेत, त्यांनी ऑगस्टात केलं. डाग कापून टाकला आणि डाव्या मांडीची कातडी काढून तिथं बसवली. गालानं ठिगळ झकास धरलं. मांडी मात्र रुसली. तिथं पू झाला, बारा दिवस ताप उतरेना, आणि उतरला तो अंगातलं सगळं घेऊनच उतरला.

थकवा म्हणजे काय चीज असते ते मला ठाऊकच नव्हतं बाई. दोन-दोन वर्ग एकटीनं सांभाळणारी मी मास्तरीण, आता वेणी घालायला बसले की निम्म्या वेणीत हात खाली येतात. न्हाणीपासून खोलीपर्यंत बावीस पावलं आहेत, मोजलीत मी. मध्ये ट्रंकेवर बसावं लागतं. मामीला वाटतं मी सोंग करते. गाल भरला ना, मग लोळत काय राहायचं? मी तिला सांगायचं सोडून दिलं. सकाळी जे काय थोडंबहुत बळ असतं ते दात आवळून वापरते आणि दुपारी भिंतीकडं तोंड करून पडते. डॉक्टर म्हणतात रक्त कमी झालंय, तीन महिने धीर धरा. तीन महिने कुठून आणू? एक नोव्हेंबरला आपलं हैदराबाद राज्यच उरणार नाही.

हात भरून आला. उरलेलं उद्या लिहिते.

मंगळवार, ता. ९

काल जमलं नाही. काल कचेरीत जाऊन आले आणि आल्यावर चपलांसकट झोपले.

आता तुला दुसरी बातमी. राज्याच्या भाषावार वाटणीत मी नोकरीसाठी मुंबई राज्य मागितलं होतं ते मिळालं, आणि यादीत माझं नाव परभणीच्या मुलींच्या शाळेपुढं आहे. हो, तुझ्याच गावात. हे तुला आनंदानं कळवायचं म्हणून दोन महिने मनात घोळवत होते. आता कळवते आहे ते असं.

जाणाऱ्या प्रत्येकाला समोर उभं करून सर्व्हिस बुक ताडून बघताहेत. माझं पहिलं पान सत्तेचाळीस सालचं, उर्दूतलं. शनाख्तीच्या, म्हणजे ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिलंय, बाएँ गाल पर जलने का चौकोर निशान. हेडक्लार्क नामदेवराव म्हणून आहेत, आपल्याकडचेच. त्यांनी पानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि निशाण कुठं गेलं म्हणून विचारलं. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. ते म्हणाले, चिठ्ठी कुणीही आणील. दुसऱ्याच्या कागदांवर नोकरी लाटणारे दोघे गेल्याच आठवड्यात सापडलेत म्हणे. डाग पडला तेव्हा हजर असलेल्या रक्ताच्या माणसाचा जबाब हवा, कधी पडला, कसा पडला, आणि तोही बावीस तारखेच्या आत. नाहीतर यादीतून नाव कमी. मग मी ना इथली ना तिथली, नऊ वर्षांची नोकरी गेली.

मी म्हटलं, लहानपणी चुलीवर पडले. बोलायची सवयच झाली आहे, आपोआप तोंडातून येतं.

ते लगेच हसून म्हणाले, “चुलीवर पडल्यावर चौकोनी डाग कसा पडतो, बाई?”

तोवर दोन तास मी उभीच होते. त्याआधी तो जिना. मी सगळ्यांसमोर तिथंच फरशीवर बसले. चपराशी धावला, “गिर जाते अम्मा, पानी पियो” म्हणत पेला घेऊन आला. बाकीच्यांच्या तोंडावर मात्र मला स्पष्ट दिसलं, की चोर सापडला. थकव्यानं बसले हे कुणाला सांगणार? आणि खरं सांगू, तेवढ्यानंच बसले का, हे मलाही कळलं नाही.

रक्ताचं माणूस म्हणजे तूच. आई-बाबा गेले. आपला धाकटा माधव तेव्हा तीन दिवसांचा होता, तो काय जबाब देणार? मामांनी रात्रीच तुझ्यासाठी मसुदा करून ठेवला: ‘माझी बहीण वयाच्या सहाव्या वर्षी खेळता खेळता चुलीवर पडली.’ वकीलच ते, भाषा पक्की. त्यांना तेवढंच माहीत आहे. सगळ्यांनाच तेवढं माहीत आहे, आईनं ठरवलं तेवढं. तुला पाहायला पाहुणे यायचे होते ना त्या महिन्यात.

आता पुरे. मला पडायला हवं.

शुक्रवार, ता. १२

अक्का, मसुदा घडी करून पाकिटात घातला होता. काल परत बाहेर काढला. काय झालं ते लिहिते, मध्ये थांबवू नकोस.

काल मामी नवरात्राच्या हळदीकुंकवाला गेली. मला म्हणाली, तेवढी चार थालीपिठं तरी लाव, काही डोंगर उचलायचा नाहीये. मी एक पाय लांब पसरून शेगडीपुढं बसले. रजनी पाठीला लोंबकळत होती. मला आधी, मला आधी. मी तिला तीनदा सांगितलं, लांब हो. डोळ्यांपुढं अंधारी येत होती, घाम सुटला होता. चौथ्यांदा तिनं सगळं अंग माझ्या मांडीवर टाकलं, जखमेवर. जीव जातो की काय अशी कळ आली. तव्यावरचं उलथनं माझ्या हातात होतं, आणि तो हात पोरीच्या गालाशी गेला होता.

लावलं नाही. उलथनं भिंतीवर फेकलं. पोर घाबरून रडायला लागली आणि तिला पोटाशी धरून मीही रडले.

पण हात गेला होता, अक्का. आणि तिच्यावर माझा राग नव्हता गं. माझ्या जिवापलीकडची पोर ती. माझ्यात काही उरलंच नव्हतं, एवढंच.

तेवीस वर्षं मला वाटत आलं, की तेव्हा तुला मी नकोशी होते. कुणाला बोलले नाही, तुलाही नाही, पण मनात तेच होतं. काल शेगडीपुढं बसून पहिल्यांदा हिशेब निराळा लागला. तू चौदा वर्षांची. आई बाळंतिणीच्या खोलीत. तीन दिवस बारा माणसांचा स्वयंपाक, आईचं पथ्यपाणी, माधवची दुपटी, आणि मी तुझ्या पाठीला, मला आधी. तू म्हणालीस, “चटका देईन हं.” रोजच म्हणायचीस. त्या दिवशी दिलास.

त्यानंतर तू माझ्या डाव्या हाताला कधी बसली नाहीस. टांग्यात नाही, पंगतीत नाही, तुझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. तुला वाटलं मला कळत नाही. लहान होते तेव्हापासून कळतंय.

मामी सगळ्या बरकतपुऱ्यात सांगत फिरते, की एकोणतिसाव्या वर्षी हिला लग्नाची हाव सुटली म्हणून गाल कापून घेतला. सांगू दे. तुझ्या गावात राहायचं ठरलं, तुझ्या घरी येणं-जाणं होणार, दर वेळी तुला बसायची जागा शोधावी लागू नये म्हणून घेतला. आणि खूण गेली म्हणून तुझ्या गावाला येणंच अडलं. माझं कपाळ, दुसरं काय!

मामांचा मसुदा मी पाठवत नाही. सोबत कागद आहे. वरती नाव-गाव मी लिहिलंय, खाली सहीच्या जागी फुली आहे. मधलं तू लिही. चुलीवर पडली असं लिहिलंस तर नामदेवरावांपुढं मी तेच बोलेन, आणि ते पुन्हा हसले तरी तेच बोलेन, मग नोकरी राहो नाहीतर जावो. तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण खरं लिहायचं ठरवलंस, तर नुसतं चटका दिला एवढंच लिहून थांबू नकोस. त्या दिवशी तू फार दमली होतीस, हेही लिही. कचेरीला त्याचा काही उपयोग नाही. मला ते तुझ्या अक्षरात हवं आहे.

कागद वेळेत पोचला तर एकतीस तारखेला इथल्या काचीगुडा स्टेशनवरून निघेन. परभणीच्या स्टेशनवर तू स्वतः ये, दाजींना धाडू नकोस. मला सामान उचलवणार नाही आणि फलाटावर फार वेळ उभंही राहवणार नाही. माझा डावा पाय अजून अंगाचा भार घेत नाही, अक्का. तुला डावीकडूनच धरावं लागेल.

तुझी वाट पाहणारी,
निर्मला