मण्यांचा आवाज

डोळखांब, फेब्रुवारी २००६, बुधवार संध्याकाळ

छातीचा आवाज ऐकून हृदयाचा आजार ओळखायला आम्ही कॉम्प्युटरला शिकवतोय. आज त्याने पाड्यावरच्या जवळजवळ सगळ्या बायकांना आजारी ठरवलं. माईकला मंगळसूत्राचे मणी घासत होते, एवढंच. काढून ठेव म्हटलं तर त्यांच्यातली सुंदरी ऐकेना. "नवरा वीटभट्टीवर गेलाय, बाई. तो येईपर्यंत काढनार नाय मी." शेवटी तिने मणी दातांत धरले, तेव्हा कुठे आवाज नीट आला. मणी दातांत आणि हसतेय वेडी.

सगळे गेल्यावर माईक माझ्याच छातीला लावून पाहिला. का, कोण जाणे. पहिल्याच खेपेला स्वच्छ आवाज. निरोगी, असा निकाल दिला कॉम्प्युटरने. हे वारल्यापासून माझ्या गळ्यात मणीच नाहीत, ते त्याला कोण शिकवणार?